दिवस जाण्याआधी

कापसाच्या पानांच्या कडा लाल पडायला लागल्या तशी माऊलीनं फवारणीची घाई केली, आणि पंकजाच्या लक्षात आलं की आता गप्प राहून भागणार नाही.

श्रावण अर्धा सरला होता. पावसानं दडी मारली होती. ढग यायचे, ऊन गढूळ करायचे आणि पूर्णेकडं निघून जायचे. वारा नव्हता. ताडकळसच्या अलीकडच्या त्या गावात सगळ्यांच्याच कापसावर एकदम तुडतुडे आले होते. पान उलटं केलं की हिरवट किडे तिरपे पळत सुटायचे. मजूर मिळत नव्हते, बायका ज्याच्या त्याच्या सोयाबीनच्या खुरपणीत अडकलेल्या. माणिकरावांच्या घरात कामाची माणसं तीनच, बायको, मुलगा आणि सून. खुद्द माणिकरावांचे गुडघे गेलेले, ते फार तर बैलांना वैरण टाकायचे. मुलगा माऊली पंप पाठीवर घ्यायचा. विहिरीवरून पाणी आणायचं, पिपात औषध कालवायचं आणि पंप भरून त्याच्या पाठीवर चढवायचा, हे काम लग्न होऊन आल्यापासून पंकजाचं.

संध्याकाळी जेवणं चालली होती. तव्यावरची भाकरी उलटून पंकजा म्हणाली, "उद्या मी औषध कालवायला येणार न्हाई."

माऊलीचा घास हातातच राहिला. तिच्या सासूनं, बायनाबाईनं, आधी मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"कामून?"

"डॉक्टरनं सांगितलंय. औषधाजवळ जायचं न्हाई मनून."

"पोटात हाय का काही?"

"न्हाई."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर पंकजाजवळ होतं, पण ते तिनं एकटीनं द्यायचं नव्हतं. तिनं माऊलीकडं पाहिलं. त्यानं खाली मान घालून वरणात भाकरी कुस्करली, नीट बारीक होईपर्यंत कुस्करली. माणिकराव खाकरले आणि म्हणाले, सकाळी लवकर निघा, उन्हाच्या आत जेवढं होईल तेवढं उरकून घ्या.

"मी आणते पानी," बायनाबाई म्हणाली. "माझ्या जिवाला काय व्हायचंय."

गेल्या फाल्गुनात परभणीच्या दवाखान्यात पंकजाला मुलगी झाली होती. सकाळी झाली आणि दिवस मावळायच्या आत गेली. तिचा पाठीचा कणा खालच्या बाजूला जुळलाच नव्हता, कातडी मिटली नव्हती. पंकजाच्या अंगात तेव्हा रक्त चढत होतं. मूल तिला दाखवलं नाही. बायनाबाईनंच ते गुंडाळलेलं गाठोडं मांडीवर घेऊन गाडीतून गावाकडं नेलं होतं. गावात मग ज्यानं त्यानं विचारलं तेव्हा बायनाबाईनं एकच सांगितलं. ग्रहणात हिनं विळी धरली होती. पंकजाला आठवत नव्हतं धरली होती की नव्हती, पण नाही म्हणायचं बळ तेव्हा अंगात नव्हतं.

दोन महिन्यांनी दोघं परत त्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी विचारलेले प्रश्न पंकजाला चमत्कारिक वाटले. काय जेवता, कधी जेवता, घरात कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर. सगळ्यांचं झाल्यावर, असं सांगितल्यावर बाईंनी विचारलं, तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असतं? पंकजा उगीच हसली. बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग पिठासारखा पांढरा होता. रक्त सातच्या आसपास. दात पाहिले, मिशरीनं काळे. मग बाईंनी बाहेर बाकावर बसलेल्या माऊलीला आत बोलावलं, त्यालाही तोंड उघडायला लावलं, आणि गुटख्यानं लाल झालेलं ते तोंड उघडं ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. तेव्हापासून त्याला त्या दवाखान्याची धास्तीच बसली.

बाई म्हणाल्या, बाळाची पाठ पहिल्याच महिन्यात जुळते, दिवस गेलेत हे बाईला कळायच्याही आत. दिवस गेल्यावर गोळ्या सुरू करून काय उपयोग? तयारी आधी करायची. आतापासून रोज ही फॉलिकची गोळी, लोहाची गोळी. मिशरी बंद, गुटखा बंद, दोघांचंही. कडधान्य, शेंगदाणे, पालेभाजी, दूध. जेवणावर लिंबू पिळा, जेवल्याबरोबर चहा पिऊ नका. झोप पुरी घ्या. फवारणीच्या औषधाला हात लावू नका. रक्त वर येईपर्यंत थांबा, मग मी सांगते. आणि थांबण्यासाठी काय वापरायचं ते ताडकळसच्या रेणुका सिस्टर देतील.

येताना एस.टी.त माऊली म्हणाला होता, "मायला मी सांगतो."

त्याला चार महिने होत आले. सिस्टरकडून पाकिटं तेवढी तो तोंड लपवून आणायचा. बायनाबाई दर महिन्याला पंकजा बाहेर बसली की कपाळाला हात लावायची, आणि तो बैल सोडायला निघून जायचा.

पंकजानं मात्र जे जमेल ते सुरू केलं होतं. मिशरी सोडणं सगळ्यांत वाईट. माहेरात दहा-अकरा वर्षांची असल्यापासून सकाळी उठलं की बोट डबीत जायचं. ती बंद केल्यावर डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, भांड्यांवरसुद्धा राग यायचा. एकदा तिनं भावकीतल्या सरजाबाईकडून चिमूटभर मागून घेतली, गोठ्याच्या मागं जाऊन दातांना लावली, आणि तोंडात पाणी सुटताच थुंकून चुळा भरत बसली. ते कोणाला सांगितलं नाही. लोहाच्या गोळीनं तोंडाला खिळ्यासारखी चव यायची, मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. घरात अंडं येत नव्हतं, माणिकराव माळकरी. सिस्टर म्हणाल्या, काही बिघडत नाही, मटकी भिजव, शेवग्याचा पाला तोड, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा रोज तोंडात टाक. दूध डेअरीला जायचं. त्यातलं कपभर काढून घेताना पंकजाचा हात चोरासारखा व्हायचा. भाकरी थापता थापता ती पहिली भाकरी फडक्यात बाजूला ठेवायची आणि पुरुष जेवायला बसायच्या आत चुलीमागंच खाऊन घ्यायची. बायनाबाईनं एकदा ते पाहिलं. तिनं पंकजाला काही म्हटलं नाही. भिंतीकडं पाहून म्हणाली, "आमच्या येळंला गडी जेवल्याबिगर बाईचं ताट निघत नव्हतं."

फवारणीच्या पहिल्या दिवशी पंकजानं पहाटेच शेण काढलं, पाणी भरलं, भाकऱ्या केल्या, आणि बांधापलीकडच्या सोयाबीनमध्ये खुरपं घेऊन बसली. आपण घरी बसलो असं कोणी म्हणू नये म्हणून तिनं ओळींच्या दोन पाती एकदम धरल्या होत्या. शेजारच्या पातीला सरजाबाई होती. विधवा बाई, तोंडानं फटकळ. कापसाकडून उग्र वास येत होता. बायनाबाई विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन येत होती, पिपात ओतत होती, बाटलीच्या झाकणानं औषध मोजून तुराटीच्या काडीनं ढवळत होती. तुराटी बुडली की हातच घालायची. पंप भरला की उचलून मुलाच्या पाठीवर द्यायची, आणि उचलताना वरून थोडं सांडायचं, तिच्या खांद्यावरून पाठीकडं उतरायचं. पदर नाकाला लावायलाही तिला हात मोकळा नव्हता.

पंकजानं सकाळी माऊलीला म्हटलं होतं, मायच्या हाताला काही तरी बांधा, तोंडाला फडकं द्या. तो म्हणाला होता, दरसाल करतोच की.

"सासू पानी वाहायली अन् सून खुरपायली," सरजाबाई म्हणाली. "बघनाऱ्याला उलटं दिसायलंय, पंकजा."

पंकजानं खुरपं चालू ठेवलं. मान वर केली तर बायनाबाईशी नजरानजर झाली असती.

दुपारी बायनाबाई डोकं धरून घरी आली. गोळी हवी म्हणून तिनं पंकजाची पत्र्याची पेटी उघडली. पंकजा शेतातून आली तेव्हा ओसरीवर तिघं बसलेले होते आणि मधे, माणिकरावांच्या पायाशी, गोळ्यांची पाकिटं पडली होती. त्यांच्यावर सिस्टरनं दिलेली ती दुसरी पाकिटं. माणिकरावांनी तोंड भिंतीकडं केलेलं.

"ह्या कशाच्या गोळ्या?" बायनाबाईनं विचारलं. पंकजाला नाही, माऊलीला.

माऊलीच्या तोंडात गुटखा होता. तो उठून अंगणात गेला, थुंकला, चूळ भरली, सावकाश परत आला.

"रक्ताच्या हायत. सिस्टरनं दिल्यात."

"रक्ताची लाल असती. मला ठाऊक हाय. ही पिवळी कशाची? अन् हे कशाला लागतंय?" तिनं ते पाकीट बोटानं लांब सरकवलं. "गाव मला इचारायलंय, सुनेचं काही हाय का. मी देवाला बोलायले. अन् तुमी घरात हे करायलाव?"

"माय, मागून बोलू."

पंकजा दारातच उभी होती. पायाला चिखल होता, हातात खुरपं. सासऱ्यासमोर हे बोलायचं म्हणजे अंगावरची कातडी काढण्यासारखं होतं. पण माऊलीनं तोंड मिटून घेतलं होतं आणि ते उघडेल असं दिसत नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पिवळी गोळी मूल थांबवायची न्हाई. मूल नीट यावं मनून हाय. पाठ नीट जुळावी मनून. अंगात रक्त येईपर्यंत आमी थांबलोय. दोघं मिळून."

"दोघं मिळून?" बायनाबाई मुलाकडं वळली. "तू बी?"

माऊलीनं आईकडं पाहिलं, बापाच्या पाठीकडं पाहिलं.

"डॉक्टर तिला मनली," तो म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं."

पंकजाला वाटलं की आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो जमिनीकडं पाहत राहिला. बायनाबाईनं गोळ्यांची पाकिटं गोळा केली, कमरेला खोवलेल्या पिशवीत घातली आणि पिशवीची दोरी ओढली.

"आता ह्या माझ्यापाशी राहतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. बायनाबाईचा उपवास. डोकं रात्रीपासून उतरलं नव्हतं तरी ती कोणाशी न बोलता, चहासुद्धा न घेता, हंडा उचलून माऊलीच्या पुढं निघाली. पंकजा म्हणाली, आज नका जाऊ, कपडे तरी कालचे बदला. बायनाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पंकजानं मनाशी ठरवलं होतं, दुपारची खुरपणी उरकून ताडकळसला जायचं आणि सिस्टरकडून नव्या गोळ्या आणायच्या. नवऱ्याला सांगायचं नाही. त्याच्याशी बोलायचंच तिनं सोडलं होतं.

ऊन चढलं. उकाडा असा की खुरप्याची मूठ हातातून निसटत होती. कापसातला पंपाचा आवाज मधेच थांबला. पंप भरायला थांबला असेल असं वाटून पंकजानं लक्ष दिलं नाही. मग तो सुरूच झाला नाही. ती उठून उभी राहिली. माऊली पिपाजवळ नुसता उभा होता, पंप पाठीवर तसाच, आणि बायनाबाई बांधाला टेकून बसली होती, पाय पसरून, कधी बसत नसे तशी.

पंकजा धावली. जवळ गेली तेव्हा बायनाबाईच्या तोंडातून लाळ गळत होती, तारेसारखी, हनुवटीवरून पोलक्यावर. सगळं अंग घामानं निथळत होतं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. पोटऱ्यांतलं मांस आपोआप उडत होतं. ती ओकली, आणि उपाशी पोटातून नुसतं पिवळं पाणी आलं. लुगडं खांद्यापासून कमरेपर्यंत औषधानं भिजून अंगाला चिकटलेलं.

"पंप उतरवा," पंकजा माऊलीला म्हणाली. "गोपीचंदला फोन लावा, गाडी आन मनावं. अन् ती औषधाची बाटली संग घ्या, डॉक्टरला दाखवायला."

तो हलला. पंकजानं खाली वाकून सासूच्या पदराला हात घातला. हे लुगडं आधी अंगावरून निघायला हवं, अंग धुवायला हवं, एवढं तिला सिस्टरकडून ठाऊक होतं. तेवढ्यात बायनाबाईनं डोळे उघडले. नजर कुठंच लागत नव्हती, पण हात तिनं वर उचलला आणि पंकजाचं मनगट ढकललं. जोर नव्हता, तरी ढकललं.

"तू नको," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "तू शिवू नको ह्याला. सरजाला हाक मार."

पंकजा तशीच थांबली. मागून सरजाबाई धापा टाकत येत होती. बांधावर खताची रिकामी पोती पडलेली होती. पंकजानं त्यांच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढून काढल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत त्यांत घातले, वरून सुतळी गुंडाळायला सरजाबाईला सांगितलं. मग दोघींनी मिळून बायनाबाईला विहिरीजवळच्या दगडावर नेलं. लुगडं सोडलं. कमरेची पिशवी निघाली, तीही भिजलेली, आतली गोळ्यांची पाकिटं औषधानं माखलेली. पंकजानं ती लुगड्यासकट लांब फेकली. विहिरीवर कपड्यांच्या साबणाची वडी होती. बायनाबाईचं अंग तिनं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. खांद्याची हाडं वर आलेली, स्तन वाळून गेलेले, पोटाची कातडी घड्या पडून लोंबलेली. बादलीवर बादली ओतून ती साबण लावत राहिली, केसांना, कानामागं, बोटांच्या बेचक्यांत. माऊली पाठ करून उभा होता. फोन कानाला होता आणि तो रडत होता.

गावातल्या गोपीचंदची पिकअप आली. रस्त्याला खड्डे. सरजाबाईच्या चादरीत गुंडाळलेली बायनाबाई कुशीवर, डोकं पंकजाच्या मांडीवर, तोंड खाली ठेवलेलं, लाळ आत जाऊ नये म्हणून. छातीत घरघर वाजत होती. मधेच ती थांबायची आणि पंकजा तिच्या नाकापाशी हात धरायची.

दवाखान्यात डॉक्टरनं बाटली हातात घेऊन वाचली आणि बरं झालं आणलीत म्हणाला. मग इंजेक्शनांमागून इंजेक्शनं. पहिला दिवस आणि ती रात्र बायनाबाई कोणाला ओळखत नव्हती. इंजेक्शनांनी तोंड कोरडं पडलं होतं, चेहरा तापला होता, हातानं हवेतलं काही तरी ओढत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ओळखायला लागली. डॉक्टर म्हणाला, जिवावरचं टळलं, पण म्हातारीच्या अंगात रक्तच नाही, घरात खाते की नाही ही? पंकजाला ते ऐकून विचित्र वाटलं. तोच प्रश्न, डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलेला.

त्याच दिवशी वालूरहून बायनाबाईचा भाऊ रामहरी आला. बहिणीला पाहून तो बाहेर व्हरांड्यात बसला, जिथं माणिकराव आणि माऊली बसले होते. पंकजा पाण्याची बाटली भरून येत होती. तिला पाहून त्यानं आवाज मुद्दाम थोडा चढवला. तरणी सून रानात असताना म्हातारीनं हंडे वाहायचे, असं आमच्या घराण्यात तरी कधी झालं न्हाई, असं काहीसं तो म्हणाला. माणिकराव गुडघे चोळत राहिले.

पंकजा थांबली नाही. ती दाराशी पोचली होती तेव्हा मागून माऊलीचा आवाज आला.

"मामा, तिला काही मनू नका. डॉक्टरनं दोघांला सांगितलं होतं. घरी मी सांगायचं ठरलं होतं, मी सांगितलं न्हाई. मला लाज वाटायची. परवा माय इचारायली तवा मी सगळं हिच्यावर ढकललं." त्यानं मान वर केली. "पानी मला बी आनता आलं असतं. मायला कशाला लावायचं? कुनाच्या हाताला फडकं बांधलं न्हाई मी. माझ्या बी न्हाई."

रामहरी थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसला, मग चहाला म्हणून उठून गेला. माणिकरावांनी मुलाकडं पाहिलं आणि मान हलवली, त्याचा अर्थ काय तो कोणालाच कळला नाही. पंकजाला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तिला राग आला. हीच चार वाक्यं ओसरीवर बोलला असता तर आत ती बाई पडली नसती. ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

तिसऱ्या दिवशी बायनाबाई उशीला टेकून बसली. पंकजा तिला मुगाचं पातळ वरण चमच्यानं भरवत होती. दोन घास झाल्यावर बायनाबाईनं तोंड फिरवलं.

"मी बघितली होती तिची पाठ," ती म्हणाली.

पंकजानं चमचा वाटीत ठेवला.

"तुला कुनी दाखवली न्हाई. मीच मनले, दाखवू नका. गाडीत मी फडकं उघडून बघितलं. एवढीशी जागा, लाल." तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मग तो हात चादरीखाली घेतला. "ग्रहणाचं मीच सांगितलं लोकांला. काही तरी सांगावंच लागतंय ना. तू लवकर दुसरं घेतलंस तर ते डोळ्यांपुढून जाईल असं मला वाटायचं. तुझ्यासाठी न्हाई. माझ्यासाठी."

"तुमाला किती झाली होती?" पंकजानं विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

बायनाबाईनं बोटं मोजली नाहीत. "राहिला हा एक," ती म्हणाली. "सगळ्या येळंला शेवटच्या दिवसापर्यंत रानातच होते मी. कुनी मनलं न्हाई, थोडं थांब, खा. तुला मनलं तर मला सोसलं न्हाई."

पंकजानं वाटीतलं वरण ढवळलं. मग तिनं चमचा उचलला आणि बायनाबाईनं तोंड उघडलं.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. माऊली हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, स्वतःच पाणी आणून फवारायचा. एकट्याच्यानं उरकायचं नाही. निम्मा कापूस लालच राहिला आणि त्या साली वेचणीला बोंडं कमी निघाली. त्याचं चुकलं हे तो आता मान्य करायचा, पण पंकजाला त्याच्याशी नीट बोलायला दसरा उजाडला. गुटखा त्यानं सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. बायनाबाईचे हात कितीतरी दिवस थरथरत राहिले. घरात परतल्यावर तिनं कुठलीही गोष्ट जाहीर केली नाही. फक्त एके दिवशी माणिकराव आणि माऊली ताटावर बसायला आले तेव्हा चुलीपुढं दोन ताटं आधीच वाढलेली होती. बायनाबाईनं त्यातलं एक पंकजाकडं सरकवलं आणि दुसऱ्यात स्वतःसाठी भाजी घेतली. "तव्यावरची हाय तवर खा," ती म्हणाली. माणिकराव उभेच राहिले. मग कोणी पाट मांडेना म्हणून त्यांनी स्वतःच मांडला आणि वाट पाहत बसले.

रक्त चढायला वेळ लागला. दिवाळीला नऊ, मग कितीतरी दिवस तिथंच अडकलं. हरभऱ्याचा पाला आला, तीळ आले, शेवग्याच्या शेंगा आल्या. माघात बाईंनी कागद पाहिला, पापणी ओढून पाहिली, आणि म्हणाल्या, आता हरकत नाही. गोळी मात्र चालू ठेवायची.

वैशाखात पंकजाची पाळी चुकली. तिनं आधी सासूला सांगितलं. बायनाबाईचा चेहरा उजळला नाही, आवळला. तेव्हापासून श्रावणापर्यंत त्या घरात कोणी मोठ्यानं हसलं नाही. दोघींपैकी कोणी पाळण्याचं, नावाचं, काही बोललं नाही. माऊली मधूनच पंकजाच्या पोटाकडं पाहायचा आणि पाहताना दिसला की दुसरीकडं बघायचा.

पाचव्या महिन्यात परभणीला सोनोग्राफी ठरली. माऊली येतो म्हणाला तर बायनाबाईनं त्याला शेतावर राहायला सांगितलं. जिना चढून वर गेल्यावर तिला बाहेर बाकावर बसवलं आणि पंकजाला आत नेलं.

पोटावर गार जेल पडलं. खोलीत अंधार होता. डॉक्टर पडद्याकडं पाहत यंत्र फिरवत होता, थांबत होता, मागं नेत होता. पंकजानं पडद्यावर पाहायचा प्रयत्न केला, तिथं नुसता राखाडी पाऊस हलत होता. डॉक्टर एका जागी जास्तच थांबला. पंकजानं खाटेची कड धरली. त्यानं यंत्र जरा दाबलं, जवळून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग आपल्या मदतनीस बाईला काही तरी इंग्रजीत सांगितलं, तिनं ते टाइप केलं.

"काय हाय, साहेब?" पंकजानं विचारलं.

"मागच्या वेळचं मला बाईंनी सांगितलंय, म्हणून नीट बघत होतो," तो म्हणाला, आणि पडद्यावर बोट ठेवलं. राखाडीत एक पांढरी ओळ होती, बारीक मण्यांची, वरपासून खालपर्यंत, कुठंही न तुटलेली. "पाठ पूर्ण जुळलेली आहे. सगळं व्यवस्थित दिसतंय."

पंकजा बाहेर आली ती पदरानं डोळे पुसतच. बायनाबाई बाकावरून उठली, सुनेचा चेहरा पाहिला आणि काय समजायचं ते उलटंच समजून तिनं भिंतीचा आधार घेतला.

"न्हाई, आत्याबाई," पंकजा म्हणाली. "नीट हाय. पाठ मिटलेली हाय."

बायनाबाईनं भिंतीचा आधार सोडला. तिनं हात पंकजाच्या पाठीवर ठेवला, आणि तो पूर्ण जिना उतरेपर्यंत, रस्ता ओलांडून एस.टी. स्टँडवर पोचेपर्यंत तसाच राहिला.